बर्फातले बुडबुडे आणि ओतकामातली भोकं



कार्यक्रमानंतर सरबताचा पेला हातात आला की त्यातला बर्फ जरा निरखून पाहा. कडेला काचेसारखा स्वच्छ, पण मधोमध दुधाळ. ते दूध म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे. आता ही हवा आली कुठून?

ती पाण्यात आधीपासूनच विरघळलेली असते. पण बर्फाच्या स्फटिकात तिला जवळजवळ जागाच नसते. बर्फ कडेकडून आत वाढतो तसा तो हवेला पुढे ढकलतो. उरलेल्या पाण्यात हवेची दाटी होते, एखाद्या सूक्ष्म कणाच्या आधाराने बुडबुडा धरतो, आजूबाजूची हवा ओढून घेत फुगतो आणि शेवटी बर्फात कोंडला जातो.

धातूंचंही असंच असतं, आणि तिथे ते महागात पडतं. कोल्हापूरच्या एका छोट्या फौंड्रीत मी उमेदवारी करत होतो. ऐन पावसाळा. ॲल्युमिनियमचा रस मी गरजेपेक्षा जास्त तापवला आणि तासभर तसाच ठेवून चहाला गेलो. ओतलेले पंपाचे भाग वरून झकास दिसत होते. पण लेथवर पहिला कट घेतला अन् आत टाचणीच्या टोकाएवढी भोकं! पाण्याच्या दाबाखाली भाग पाझरले. अख्खी खेप परत भट्टीत गेली.

झालं काय होतं? दमट हवेतल्या पाण्याच्या वाफेतला ऑक्सिजन ॲल्युमिनियम ओढून घेतं आणि सुटलेला हायड्रोजन रसात विरघळतो. रस जितका तापलेला, तितका तो जास्त मावतो. मात्र ६६० अंश सेल्सिअसला ॲल्युमिनियम गोठताना रसात मावेल त्याच्या साधारण विसाव्या हिश्श्याएवढाच हायड्रोजन घन धातूत मावतो. उरलेला रसातल्या ऑक्साइडच्या पापुद्र्यांना धरून बुडबुडे करतो. धातू सावकाश गोठला तर त्यांना फुगायला वेळ मिळतो. झटकन गोठला तर ते बारीकच राहतात. शिवाय गोठताना धातू आकसतो, त्यानेही पोकळ्या पडतात. त्या वेड्यावाकड्या असतात. वायूच्या बहुधा गोल, गुळगुळीत.

उपाय म्हणजे काट्याने काटा काढणं! रसात आर्गॉन किंवा नायट्रोजनचे बारीक बुडबुडे सोडतात. हायड्रोजन त्यांत शिरून वर निघून जातो. मग थोडा रस कमी दाबाखाली गोठवून, कापून बघतात. हत्यारं आणि भंगार मात्र कोरडंच हवं. ओल राहिली तर स्फोटही होतो.

एवढी काळजी कशाला? अहो, तुमच्या गाडीच्या ॲल्युमिनियमच्या चाकात असं एखादं भोक राहिलं, तर रोजच्या धक्क्यांनी तिथूनच तडा सुरू होऊ शकतो, आणि वरून काहीच दिसत नाही.

भोक दिसतं गोठल्यानंतर, पण त्याचं बीज रस तापत असतानाच पडलेलं असतं. त्या दिवसापासून, भट्टी पेटलेली असताना मी चहाला गेलो नाही!