आपटा आणि कांचन : पानापलीकडची ओळख

दसऱ्याला ‘सोने’ म्हणून वाटली जाणारी पाने पुष्कळदा आपट्याची नसून कांचनाची असतात, कारण दोन्ही वृक्ष बाउहिनिया या एकाच प्रजातीतले असून दोहोंची पाने टोकाशी दुभंगलेली असतात. वृक्ष ओळखताना एकाच लक्षणावर विसंबणे किती फसवे ठरते, याचे हे उत्तम उदाहरण होय. आपट्याचे पान लहान, जाड, चिवट आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक असते. कांचनाचे पान त्याहून बरेच मोठे व पातळ असते. आपट्याचे खोड बहुधा वाकडेतिकडे, साल काळपट व भेगाळलेली आणि फांद्या खाली झुकलेल्या असतात.

खरा निवाडा मात्र फूल करते. आपट्याची फुले लहान, फिकट पिवळसर पांढरी असून उन्हाळ्यात लांबट मंजरीवर येतात, तर कांचनाची फुले मोठी व देखणी असतात. देवकांचन पावसाळा सरताना फुलतो आणि त्याच्या फुलात बहुधा तीनच कार्यक्षम पुंकेसर, म्हणजे परागकण निर्माण करणारे तंतू, आढळतात. वसंतात, बहुतेक पाने गळाल्यावर फुलणाऱ्या त्याच्या भावंडात, बाउहिनिया व्हेरिगाटामध्ये, ते पाच, तर आपट्यात दहा असतात. शेंगांतही भेद आहे : कांचनाची चपटी शेंग वाळल्यावर तडकून बिया दूर उडवते, आपट्याची जाडसर शेंग न उकलता गळून पडते.

दसऱ्याला आपट्याच्या फांद्या ओरबाडण्याऐवजी वाचकांनी उन्हाळ्यात त्याचा फुलोरा जवळून पाहावा.