चाळीस पिनांची ८०५१

८०५१ ही इंटेलने १९८० मध्ये बाजारात आणलेली मायक्रोकंट्रोलर चिप. मायक्रोप्रोसेसर एकटा फारसे काही करू शकत नाही. प्रोग्राम ठेवायला एक मेमरी, चालू आकडे ठेवायला दुसरी, वेळ मोजायला टायमर, बटणे आणि दिवे जोडायला पोर्ट असा सगळा गोतावळा त्याच्याभोवती वेगळ्या चिप्सच्या रूपात बसवावा लागतो. संगणकाला हा खर्च परवडतो. वजनकाट्याला किंवा वॉशिंग मशीनला परवडत नाही. इंटेलने १९७६ मध्येच ८०४८ या चिपमध्ये हे सारे एकत्र आणले होते. ८०५१ ही तिची पुढची पिढी. तिच्या रचनेचा आराखडा जॉन व्हॉर्टन यांचा.

चिपवर काय आहे हे आज वाचताना गंमत वाटते. प्रोग्रामसाठी ४ किलोबाइट आणि चालू कामासाठी १२८ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट. या परिच्छेदाची पहिली दोन वाक्येही देवनागरीत त्यात मावणार नाहीत. शिवाय १६ बिटांचे दोन टायमर, सिरियल पोर्ट, पाच प्रकारचे इंटरप्ट आणि आठ-आठ पिनांचे चार पोर्ट. ४० पैकी ३२ पिना या पोर्टांच्या वाट्याला जातात. उरलेल्या आठांत वीज, ग्राउंड, क्रिस्टलच्या दोन, रीसेट आणि बाहेरची मेमरी जोडण्यासाठीच्या तीन.

वीज आली की रीसेट पिनेवरचा दाब काही क्षण वर राहतो आणि मग चिप शून्य क्रमांकाच्या पत्त्यावरची पहिली आज्ञा उचलते. तिथून पुढे क्रिस्टलच्या तालावर एकामागून एक आज्ञा. १२ ठोक्यांचे एक मशीन सायकल होते, म्हणून १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला तर एक सायकल बरोबर एक मायक्रोसेकंदाचे. बहुतेक आज्ञा एका किंवा दोन सायकलांत संपतात. गुणाकार-भागाकाराला चार लागतात. हा वेग आजच्या मानाने किरकोळ आहे, पण प्रोग्रामचा एखादा तुकडा किती वेळ घेईल हे कागदावर बेरीज करून सांगता येते.

८०५१चा खरा गुण बिट हाताळण्यात आहे. नियंत्रणाचे काम मुख्यतः हो-नाहीचे असते: दार बंद आहे का, पाणी भरले का, मोटर चालू करायची का. इतर अनेक प्रोसेसरना एक बिट बदलायला आख्खा बाइट उचलून, बाकीचे बिट सांभाळून, परत ठेवावा लागतो. इथे एका पिनेला थेट नावाने चालू करता येते, बंद करता येते, उलटवता येते, आणि ती चालू आहे का हे पाहून प्रोग्रामची वाटही बदलता येते. १२८ पैकी १६ बाइट अशाच सुट्या बिटांसाठी आहेत. त्यातल्या प्रत्येक बिटाला स्वतःचा पत्ता आहे. हो-नाहीच्या १२८ नोंदी त्यात राहतात.

पोर्टांशी नवशिक्यांची पहिली झटापट एलईडीवरून होते. एलईडी पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये लावला तर तो जेमतेम मिणमिणतो, कारण पिन वर असताना तिच्यातून बाहेर येणारा प्रवाह अगदी नगण्य असतो. तोच एलईडी रेझिस्टरसह पाच व्होल्ट आणि पिन यांच्यामध्ये लावला की नीट पेटतो: पिन प्रवाह ढकलण्यात कच्ची, ओढून घेण्यात बरी. मग पिनेवर शून्य लिहिले की दिवा लागतो. शून्य क्रमांकाच्या पोर्टाला तर आतून आधार नसल्याने पुल-अप रेझिस्टर बाहेरून द्यावे लागतात. रिले किंवा मोटर थेट पिनेला कधीच जोडत नाहीत. मध्ये ट्रान्झिस्टर किंवा ड्रायव्हर चिप लागते.

टायमर ६५,५३५ पर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येतो, म्हणजे १२ मेगाहर्ट्झवर एका फेरीत फार तर ६५ मिलिसेकंद. एक सेकंद हवा असेल तर त्यात १५,५३६ भरून ५० मिलिसेकंद मोजायचे आणि तसे वीस वेळा करायचे. सिरियल पोर्ट वापरताना मात्र १२ मेगाहर्ट्झचा हा सोयीचा आकडा सोडावा लागतो. ९,६०० बॉडचा वेग त्यातून साधताना साडेआठ टक्क्यांची चूक राहते आणि पलीकडे अक्षरांचा कचरा उमटतो. म्हणून ११.०५९२ मेगाहर्ट्झचा विचित्र वाटणारा क्रिस्टल येतो. त्याला १२ने, मग ३२ने आणि शेवटी ३ने भागले की नेमके ९,६०० उरतात.

मूळ ८०५१मध्ये प्रोग्राम कारखान्यातच कोरला जाई. एकदा कोरला की बदल नाही. प्रयोगासाठी ८७५१ होती. तिच्या पाठीवरच्या क्वार्ट्झच्या खिडकीतून अतिनील प्रकाश सोडून जुना प्रोग्राम पुसावा लागे. ८०३१ला आतली प्रोग्राम मेमरीच नव्हती. अॅटमेलने ८९सी५१ या चिपमध्ये फ्लॅश मेमरी आणली आणि विजेनेच पुसून पुन्हा लिहिणे शक्य झाले. महाराष्ट्रातल्या डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून घेतलेली ८०५१ बहुधा याच घराण्यातली, आणि अभ्यासक्रमासाठी तिची निवड योग्यच होती: आख्खी चिप डोक्यात मावते.

उणिवा उघड आहेत. मूळ चिपमध्ये तापमानासारखी सलग बदलणारी राशी वाचायची सोय नाही. त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर जोडावा लागतो. १२८ बाइटांतच स्टॅकही बसवायचा असल्याने सी भाषेतला प्रोग्राम जपून लिहावा लागतो. कन्व्हर्टर आतच असलेला आर्डुइनो बोर्ड आल्यावर हौशी मंडळी तिकडे वळली.

इंटेलने ही चिप बनवणे २००७ मध्ये थांबवले, पण तोवर परवाने घेऊन फिलिप्स, सीमेन्स, एएमडी अशा कंपन्यांनी ती आपापल्या परीने बनवली होती. आज तिचा गाभा इतर चिप्सच्या पोटात आढळतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सीसी२५४१ या ब्लूटूथ चिपमध्ये तो आहे, सायप्रेसच्या एफएक्स२ या यूएसबी चिपमध्येही आहे. या यूएसबी चिपला संगणक केबलवरूनच प्रोग्राम पाठवतो आणि तो रॅममध्ये बसून चालू लागतो.