वरचे कोण आणि खालचे कोण?
पाऊस, पाणी आणि धोरण : लेखांक सहावा

मागील लेखांकात पावसाच्या बदलत्या लहरीचा विचार झाला. ती लहर सरकारी दप्तरात शिरली म्हणजे तिचे काय होते, हे पाहावयास अहिल्यानगर जिल्ह्याइतके, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगराइतके, सोयीचे ठिकाण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच सापडेल. आश्विन सरत आला, की गोदावरीच्या खोऱ्यात धरणांच्या साठ्यांचे आकडे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतात, आणि भंडारदरा, निळवंडे व मुळा या धरणांतले पाणी खाली मराठवाड्यात, पैठणच्या जायकवाडी धरणासाठी, सोडावे किंवा कसे, या प्रश्नावर मोर्चे, निवेदने आणि न्यायालयीन अर्ज यांचा हंगाम सुरू होतो.

या तंट्याचे मूळ 2005 सालच्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाच्या एका पोटकलमात, 12(6)(ग) मध्ये, आहे. खोऱ्यातील अवर्षणाचा भार सर्वांनी सारखा वाहावा, आणि त्यासाठी खरिपातील वापर जमेस धरून, ऑक्टोबरअखेर सर्व धरणांतील उपयोगी पाण्याची टक्केवारी सुमारे सारखी राहील अशी तजवीज करावी, असा त्याचा आशय. कायदा झाला आणि काही वर्षे दप्तरात निवांत पडून राहिला. 2012 च्या दुष्काळाने त्याला जाग आणली. 2013 साली मेंढेगिरी समितीने कोणत्या स्थितीत कोणत्या धरणसमूहातून किती पाणी सोडावे याचे तक्ते बांधून दिले, प्राधिकरणाने सप्टेंबर 2014 मध्ये त्या आधारे आदेश काढला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2016 साली समन्यायी वाटपाचे ते तत्त्व उचलून धरले. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडावयाचे, हा तेव्हापासूनचा दंडक. 2023 साली तो लागू झाला, तेव्हा नाशिक व नगरच्या धरणसमूहांतून मिळून सुमारे 8.6 टीएमसी पाणी सोडण्याचा हुकूम निघाला होता.

हुकूम कागदावर सुटसुटीत असतो. नदीपात्रात तो तसा राहत नाही. पाणी सुटण्यापूर्वी भंडारदरा-निळवंड्याखालच्या प्रवरा नदीवरील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, काठावरच्या मोटारींचा वीजपुरवठा बंद करावा लागतो, आणि बंधाऱ्यांवर पोलीस उभे करावे लागतात. अकोले, संगमनेर, राहुरीची शिवारे मागे टाकीत नेवासे तालुक्यातील प्रवरासंगमापर्यंत ते पाणी वाहत जाते, तेव्हा तापलेली वाळू व खडक आपला वाटा आधी घेतात, आणि ज्यास खात्याच्या भाषेत वहनव्यय म्हणतात तो प्रत्यक्षात दोन्ही पक्षांच्या हातून निसटलेला हिस्सा असतो. आपल्या मोटारीचा आवाज बंद आणि डोळ्यांदेखत पाणी खाली चाललेले, अशा स्थितीत काठावरच्या कुणब्यास अवर्षणाच्या समान भाराची मीमांसा ऐकवणे हे सोपे काम नव्हे.

तथापि नगरची कैफियत मला अपुरी वाटते. या जिल्ह्याचे वकीलपत्र घेणारे सर्वच पक्षांचे पुढारी ‘आम्ही वरचे’ अशी एकच भूमिका मांडतात. वस्तुतः हा जिल्हा एकाच वेळी वरचा, खालचा आणि बुडालेलाही आहे. कोपरगाव-राहात्याचे कालवे नाशिक जिल्ह्यातील नांदूरमध्यमेश्वराच्या बंधाऱ्यावरून येतात. तिकडच्या दारणा-गंगापूर धरणांकडे पाहून हीच माणसे ‘खालचे’ होतात आणि न्याय्य वाट्याची भाषा बोलतात. नेवासे व शेवगाव तालुक्यांतील जमीन जायकवाडीच्या नाथसागर जलाशयाखाली गेली. आणि ज्या घाटमाथ्याच्या पावसावर 1926 साली पुरे झालेले भंडारदरा भरते, त्या अकोल्याच्या आदिवासी वाड्यापाड्यांतील बायका चैत्र-वैशाखात डोंगरउतारावरच्या झऱ्याशी हंडा भरण्यास थांबलेल्या असतात. पाणी ज्याच्या शिवारात पडले त्याचे, हा न्याय खरा मानला, तर पहिला हक्क त्यांचा. पण त्यांची फिर्याद या तंट्यात क्वचितच वाचली जाते. निळवंड्याच्या कालव्याचे तर बोलावयासच नको. 1970 च्या सुमारास मनात आलेल्या प्रकल्पाचा डावा कालवा वाहता झाल्याचा समारंभ ऑक्टोबर 2023 मध्ये झाला, आणि त्याच महिन्यात जायकवाडीस पाणी सोडण्याचा आदेशही आला.

समन्यायाचे तत्त्व मला मान्य आहे. माझा आक्षेप त्याच्या पंचांगावर आहे. आपली धरणे गतकाळातील पावसाच्या नोंदींवरून, चार वर्षांतून तीन वर्षे अमुक इतके पाणी येईल असा भरवसा धरून आखली गेली. पावसाने मात्र आपले वेळापत्रक बदलले आहे. भारतीय हवामान खात्याने 2020 साली मोसमी पावसाच्या तारखा सुधारल्या, तेव्हा वायव्य भारतातून त्याच्या परतीचा आरंभ 1 सप्टेंबरऐवजी 17 सप्टेंबर धरला. थोड्या दिवसांत पुष्कळ पाऊस, मध्ये लांबलेली ओढ, आणि निरोपाच्या वेळी पुन्हा धुमाकूळ, असा क्रम असता एका ठराविक दिवसाच्या आकड्यावर साऱ्या खोऱ्याचे भवितव्य टांगणे धोक्याचे आहे. चार दिवसांनी येणारा पाऊस तो आकडा खोटा पाडू शकतो.

याहून मोठी विसंगती पिकांत आहे. आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि तो दीड वर्षाच्या सुमारास तुटतो. म्हणजे पाण्याचा ताळेबंद ऑक्टोबरात मांडला जातो, आणि त्या पाण्याचा मोठा भाग अडीच-तीन महिने आधीच, अद्याप न पडलेल्या पावसाच्या भरवशावर, सऱ्यांमध्ये लावून झालेला असतो. मग आवर्तनासाठी पाणीमागणीचे अर्ज भरताना कोणी हात आखडता कसा घ्यावा? याच जिल्ह्यात हिवरे बाजार हे अवर्षणप्रवण गाव पडलेला पाऊस मोजून, मग ग्रामसभेत पिके ठरवते, आणि उसासारख्या पिकास तेथे थारा नाही. एका लहान गावाचा शिरस्ता संबंध खोऱ्यास लावता येत नाही हे खरे. पण आधी मोजणी आणि नंतर पेरणी, हा त्यातला क्रम तरी उचलता येईल.

तसे न करता उभय पक्षांचे एका मागणीवर मात्र पूर्ण एकमत आहे : कोकणात वाहून जाणारे पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी उचलून गोदावरीत आणावे. तिसऱ्याच्या पाण्यावर दोघांचा समेट होणे हे मानवी स्वभावास धरूनच आहे.

माझी सूचना साधी आहे. खोऱ्याच्या हिशेबाची पहिली बैठक जूनअखेर, आडसालीच्या लागणीपूर्वी, व्हावी. शिल्लक साठ्यावर किती एकर उसाला पाणी देता येईल ते तेथेच जाहीर व्हावे, आणि ऑक्टोबरच्या बैठकीत फक्त फेरफार व्हावेत. ही सूचना करणाऱ्यास केवळ प्रवरेच्या काठावर विरोधक भेटतील असे समजू नये. जायकवाडीच्या कालव्यांवरही ऊस उभा आहे, आणि मराठवाड्यातल्या कारखान्यांनाही गाळपासाठी तो हवाच आहे.