हिरवळीखालची टाकी

मलबार टेकडीवरील हँगिंग गार्डनच्या हिरवळीवर मुले बागडत असतात, तेव्हा त्यांच्या पावलांखाली एकोणिसाव्या शतकात बांधलेली, दक्षिण मुंबईची तहान भागविणारी विस्तीर्ण टाकी आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. १८६० साली विहार, १८९२ साली तानसा, २०१४ साली मध्य वैतरणा, हा मुंबईला पाणी पुरविणाऱ्या जलाशयांचा विस्तार सर्वांस दिसतो. परंतु बांधलेले टिकविण्याची तजवीज हाच नगरव्यवस्थेचा खरा कस आहे, असे मला मनोमन वाटते. कोणती जलवाहिनी केव्हा टाकली, कितीदा फुटली, ती निकामी झाल्यास किती घरे कोरडी पडतील, याचे दप्तर जिच्यापाशी चोख असते, त्याच महापालिकेला डागडुजी कोठे पुरेल आणि नवे बांधकाम कोठे अटळ आहे, हे ठरवून पुढील अनेक अंदाजपत्रकांत तरतूद करता येते. उदाहरणार्थ, हिरवळीखालची ही टाकी पाडावी की दुरुस्त करावी, असा वाद उपस्थित झाला, तेव्हा २०२३ च्या डिसेंबरात तज्ज्ञांनी रिकाम्या कप्प्यात प्रत्यक्ष उतरून तिची पाहणी केली. आणि याच दप्तरासाठी, रस्त्यावरचे झाकण उचलून लांब दांड्याने झडप फिरविणाऱ्या चावीवाल्याला ठाऊक असलेला गल्लीगल्लीतील पाण्याचा वेग, तो निवृत्त होण्यापूर्वीच नोंदवहीत उतरला पाहिजे.