ब्रेडेड दोरी स्पूलवर का घसरते?

पवनी तालुक्यातील आसगाव आणि भोवतालचा चौरास पट्टा हा धानाचा मुलूख. एका बाजूला वैनगंगा, वरच्या अंगाला गोसीखुर्दचे पाणी, आणि जिल्हाभर जुने मालगुजारी तलाव. मासेमारी येथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, परंतु ती मुख्यतः ढिवर बांधवांच्या जाळ्यांची. अलीकडे मात्र काठी आणि रील घेऊन गळ टाकणारे तरुण दिसू लागले आहेत. त्यांच्यासाठी आमच्या काही व्यापारी बांधवांनी सायकलच्या, हार्डवेअरच्या व जनरल मालाच्या दुकानांत रील आणि दोरी ठेवावयास सुरुवात केली आहे. माल छोटा असला तरी गिऱ्हाईक वारंवार येणारे आहे.

या मालाबरोबर एक तक्रारही येते. गिऱ्हाईक रील परत घेऊन येतो आणि सांगतो, "चाचा, मासा लागला, हँडल फिरवत होतो, पण दोरी गुंडाळलीच जात नव्हती. रील बाद आहे." दुकानदार रील पाहतो, त्याला दोष सापडत नाही. तो ठोक व्यापाऱ्याकडे पाठवतो, ठोक व्यापारी ते जसेच्या तसे परत करतो. येण्याजाण्याचे भाडे अंगावर पडते आणि गिऱ्हाईक तुटते ते वेगळेच. आम्ही आयुष्यभर कापडाचा धंदा केला, मासे धरण्याचा नव्हे. परंतु या तक्रारीचे मूळ रीलमध्ये नसून धाग्यात आहे, आणि धाग्याविषयी बोलण्याचा आम्हांस थोडाफार अधिकार आहे.

प्रथम दोष ओळखावा. रीलला ड्रॅग नावाचा चाप असतो. मासा जोराने ओढू लागला की दोरी तुटू नये म्हणून हा चाप दोरी थोडी थोडी सोडतो. तो सैल असेल तर हँडल फिरूनही दोरी येत नाही, आणि हा दोष नव्हे. म्हणून चाप पूर्ण आवळावा, स्पूलच्या कडेवर व दोरीच्या गुंडाळीवर पेनाने एका रेषेत खूण करावी आणि हाताला फडके गुंडाळून दोरी ओढावी. फडके अवश्य घ्यावे, कारण ही दोरी बोट कापते. दोन्ही खुणा एकत्र फिरल्या तर चाप सैल आहे. स्पूल जागेवर राहिले आणि गुंडाळीवरील खूण पुढे सरकली, तर सगळी गुंडाळी स्पूलच्या दांड्यावर बांगडीसारखी फिरते आहे. अशा वेळी चाप कितीही आवळला तरी उपयोग नाही. दहांपैकी आठ तक्रारी याच प्रकारच्या असाव्यात, असा आमचा अंदाज आहे.

असे का होते? पूर्वी रीलवर तंगूस असे, म्हणजे एकेरी नायलॉनची तार. नायलॉन ताणले जाते. ताणून गुंडाळले की ते आत आकसते आणि दांड्याला घट्ट धरते. नवी ब्रेडेड दोरी ही चार, आठ अशा पेडांची वेणी असते, आणि तिचे तंतू पॉलिइथिलीनचे असतात. किराणा दुकानातील पातळ पिशवी ज्या जातीच्या प्लॅस्टिकची, त्याच जातीचे हे तंतू. फक्त यात रेणूंच्या साखळ्या फार लांब आणि एका दिशेने सरळ केलेल्या असतात. हॉलंडमध्ये 1963 साली पेनिंग्ज या शास्त्रज्ञाच्या हाती हे गमक लागले, आणि डीएसएम या कंपनीने 1990 पासून हा धागा डायनीमा या नावाने व्यापारी प्रमाणावर काढला. वजनास वजन धरले तर तो पोलादी तारेला मागे टाकतो, पाण्यावर तरंगतो, पाणी पीत नाही. परंतु तो जवळजवळ ताणला जात नाही आणि अंगाने मेणासारखा गुळगुळीत असतो. जो धागा ताणला जात नाही तो आकसून दांडा धरणार कसा? त्यात स्पूल घासून चकचकीत केलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे. गुळगुळीतावर गुळगुळीत बसले की ते सरकणारच.

विणकर बांधवांना हे नवीन नाही. सुती बाणा ओला करून लाकडी कांडीवर भरला तर तो हलत नाही. त्याच कांडीवर कृत्रिम रेशमाचा गुळगुळीत धागा भरला की फेरे घसरून एकदम खाली येतात आणि धोट्यात गुंता होतो. म्हणून असा धागा चालवणाऱ्या धोट्यांना आतून केसाळ पट्टी लावण्याची पद्धत पडली. गाठीचेही तेच. सूत तुटले की विणकर जी गाठ मारतो, तीच गाठ ढिवर जाळे विणताना घरोघर, म्हणजे प्रत्येक फाशाला मारतो. दोन जमाती, दोन धंदे आणि गाठ एकच! सुतावर ती पक्की बसते. गुळगुळीत धागा आला तेव्हा जाळेवाल्यांनी तिला एक वेढा वाढवून ती दुहेरी केली, आणि गिरण्यांत घसरणाऱ्या धाग्यांसाठी विणकर-गाठ सोडून मच्छीमार-गाठ घेतली गेली. धागा बदलला तेव्हा दोन्ही धंद्यांनी गाठ बदलली. रील विकणाऱ्याने मात्र तंगूसची जुनी गाठ ब्रेडेडवर चालू ठेवली आहे.

इलाज सोपा आहे आणि तो दुकानातच करून द्यावा. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे दांड्यावर आधी तंगूसचा थर. साधारण 0.30 ते 0.35 मिलिमीटरचे तंगूस घ्यावे. उभ्या रीलची तारेची कडी प्रथम उघडावी. ती उघडण्यास विसरलात तर सगळे बांधून झाल्यावर दोरी कडीच्या बाहेर राहते आणि काम पुन्हा करावे लागते. तंगूसचे टोक दांड्याभोवती फिरवून आणावे, त्या टोकाने मूळ दोरीभोवती एक साधी गाठ मारावी, आणि टोकाच्या अगदी शेवटी आणखी एक साधी गाठ द्यावी. मूळ दोरी ओढली की फास सरकून दांड्यावर बसतो आणि शेवटची गाठ पहिलीला अडते. मग कडी मिटून, ताण देऊन, दांडा पूर्ण झाकला जाईल इतके फेरे घ्यावेत. एक पूर्ण थर पुरे.

आता तंगूसला ब्रेडेड जोडावयाची. दोन्ही टोके वीतभर एकमेकांशेजारी समोरासमोर ठेवावीत. तंगूसचे टोक मागे वळवून फास करावा आणि त्या फासातून, दोन्ही दोऱ्यांना धरून, चार-पाच वेढे घ्यावेत. मग हलके ओढावे. ब्रेडेडच्या टोकानेही असेच करावे, पण येथे वेढे सात-आठ हवेत, कारण ती निसरडी आहे. गाठी पाण्याने ओल्या कराव्यात आणि दोन्ही मूळ दोऱ्या विरुद्ध दिशांना सावकाश ओढाव्यात. दोन्ही गाठी सरकत येऊन एकमेकींना भिडतात. कोरड्या गाठीला झटका दिला तर घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तेथेच कमजोर होते. उरलेली टोके जवळून कापावीत म्हणजे गाठ सपाट बसेल.

ज्या गिऱ्हाइकाला जोडगाठ नको असेल त्याच्यासाठी दुसरा मार्ग कापडी चिकटपट्टीचा, दवाखान्यात पट्टी बांधताना वापरतात ती. दांडा कोरड्या फडक्याने पुसून, तेलाचा अंश न ठेवता, पट्टीचा एक-दीड फेरा द्यावा. त्यावर ब्रेडेड दोन वेळा फिरवून वर सांगितलेली गाठ मारावी आणि पहिले काही फेरे गाठीवरून चढवून तिला दाबून टाकावे. कापडाचा खरखरीतपणा दोरीला धरतो. विजेच्या कामाची प्लॅस्टिक पट्टीही लोक लावतात. परंतु आमच्याकडील वैशाखाच्या उन्हात तिचा गोंद पातळ होतो, म्हणून आमचा कल कापडी पट्टीकडेच आहे. काही नव्या स्पूलांना कारखान्यातच रबरी पट्टा किंवा दोरी अडकवण्याची खाच असते. ती असल्यास वेगळे काही करावे लागत नाही.

गोंद लावू नये. बाजारातील झटपट चिकटणारे गोंद पॉलिइथिलीनला नीट धरत नाहीत, आणि स्पूल मात्र खराब होते. काडीने टोक जाळून गोळा करण्याचीही काहींना सवय आहे. हा तंतू साधारण 150 अंशांच्या आतच वितळतो, आणि ज्योत जवळच्या दोरीचीही ताकद खाते.

भरणी हे खरे कारागिराचे काम. दोरीचा डबा पेन्सिलीवर किंवा खिळ्यावर अडकवून कोणाला तरी धरावयास सांगावे आणि दोरी ओल्या फडक्यातून बोटांनी दाबून घ्यावी. सैल भरलेली ब्रेडेड दोरी दुसरा त्रास देते. मासा ओढू लागला की वरचा फेरा खालच्या फेऱ्यांत रुततो आणि फेकण्याच्या वेळी तेथेच अडकतो. स्पूलच्या काठाखाली दोन मिलिमीटर जागा ठेवून थांबावे. शेवटी चाप आवळून पूर्वीची खुणेची चाचणी गिऱ्हाइकासमोरच करून दाखवावी.

माल विकताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, जाडीची. अनेक डब्यांवर 30 पौंडाची ब्रेडेड दोरी 8 पौंडाच्या तंगूसएवढी जाड असल्याचे छापलेले असते. हे या धाग्याच्या बाबतीत खरे आहे. परंतु दोरी तंगूसइतकीच जाड, डबा 30 पौंडाचा आणि आत साधे पॉलिएस्टर, असाही माल बाजारात असू शकतो. डबा उघडून हाताने पाहावे. एक तुकडा पाण्यात टाकावा, पॉलिइथिलीन तरंगते आणि पॉलिएस्टर बुडते. तुकडा आधी ओला करून घ्यावा, नाही तर पेडांतील हवेने पॉलिएस्टरही काही वेळ वर राहते. पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, आणि ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले, हा प्रसंग आमच्या प्रत्येक वाचकास ठाऊक आहे. डबाबंद मालालाही तोच न्याय लागू आहे.

दुसरी, संक्रांतीच्या दिवसांतली. पतंगाच्या चक्रीवर गुंडाळण्यासाठी कोणी तंगूस अथवा ब्रेडेड मागू लागला तर साफ नाही म्हणावे. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै 2017 मध्ये नायलॉन व इतर कृत्रिम धाग्याच्या मांजावर देशभर बंदी घातली आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याचा गळा आणि पाखरांचे पंख त्याने कापले जातात. चार पैशांसाठी दुकानावर पंचनामा ओढवून घेण्यात शहाणपण नाही. त्याचप्रमाणे गळ टाकणाऱ्या तरुणास एवढे सांगावे की तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेच्या ठेक्यात असतो, तेव्हा आधी तिला विचारावे. तलावात बीज त्या लोकांनी सोडलेले असते.

ब्रेडेड दोरी महाग पडते, म्हणून आतला तंगूसचा थर पैशाच्या दृष्टीनेही सोयीचा आहे. मोठ्या स्पूलात थर वाढवून जागा भरावी आणि वर फक्त शंभर मीटर ब्रेडेड द्यावी. फेकीत वापर होतो तो वरच्या पन्नास-साठ मीटरांचाच. वर्षभराने ही दोरी वरून विटते, तंतू सुटू लागतात आणि गिऱ्हाईक नवी मागतो. अशा वेळी ती उलटी करून द्यावी. सगळी ब्रेडेड दुसऱ्या रिकाम्या डब्यावर काढावी, विटलेले टोक तंगूसला जोडावे आणि न वापरलेला भाग वर आणावा. फाटलेला काठ आत घेऊन लुंगी पुन्हा शिवतात, तसेच हे. भरणीची मजुरी तेवढी घ्यावी.