बोरीबंदर ते घारापुरी : एका दिवसाची मुंबई

नागपूरला समुद्र नाही. तरी खापरीजवळच्या मिहानमध्ये मालाचे डबे, म्हणजे कंटेनर, रेल्वेवर चढतात आणि बंदराची वाट धरतात. शिवणगाव, खापरी, तेल्हारा अशा गावांच्या जमिनी ज्या प्रकल्पासाठी गेल्या, तोच हा मिहान. मग हा रस्ता जिथे संपतो ते बंदर एकदा तरी डोळ्यांनी पाहावयास नको काय?

परदेशी प्रवासी जहाजे मुंबईत बॅलार्ड पियरला लागतात. प्रवासी सकाळी उतरतात, शहर पाहतात आणि जहाज सुटण्यापूर्वी परततात. आपणही तेच करू शकतो. कापसाची शेवटची वेचणी झाली की नागपूरहून सायंकाळच्या गाडीत बसावे, सकाळी मुंबई. वार मात्र सोमवार नको, त्या दिवशी घारापुरीची लेणी बंद असतात.

गाडी जिथे थांबते तेच पहिले प्रेक्षणीय स्थळ. जुने बोरीबंदर, आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. येथूनच 16 एप्रिल 1853 रोजी ठाण्यास पहिली प्रवासी आगगाडी सुटली. आजची भव्य इमारत 1888 मध्ये पुरी झाली. बाहेर येऊन समोरून ती नीट पाहा.

तेथून ओव्हल मैदानावर जा. समोरचा उंच मनोरा म्हणजे राजाबाई टॉवर. त्याची कथा आपल्या शेताशी जोडलेली आहे. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून त्यांनी आपल्या कापसाकडे धाव घेतली. मुंबईत पैशाचा पूर आला. कापसाचे मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी त्या तेजीत दिलेल्या देणगीतून हा मनोरा उभा राहिला. त्याला नाव दिले त्यांच्या आईचे. पण 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. खुद्द प्रेमचंदही बुडाले. मनोरा पुरा झाला तो 1878 मध्ये. आणि आगगाडी नागपूरला पोचली 1867 मध्ये, म्हणजे तेजी ओसरल्यावर! भाव सातासमुद्रापार ठरतो आणि चटका मात्र बांधावर बसतो, हे तेव्हापासूनचे आहे.

पुढे गेटवे ऑफ इंडिया. पंचम जॉर्ज बादशहाच्या 1911 मधील आगमनाची आठवण म्हणून बांधलेली ही कमान 1924 मध्ये खुली झाली. 28 फेब्रुवारी 1948 रोजी इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीतून जहाजावर चढून गेली. मुलांना हे अवश्य सांगा.

गेटवेवरून घारापुरीची लाँच मिळते. प्रवास सुमारे तासाभराचा. लहान मुलांना काठाजवळ बसवू नका. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद राहते, म्हणून हिवाळा-उन्हाळा बरा. बेटावर पायऱ्या पुष्कळ आहेत, म्हाताऱ्या माणसांनी सावकाश चढावे. वर अखंड कातळात कोरलेली सुमारे 18 फुटी त्रिमूर्ती पाहून शीण विसरतो.

परतताना न्हावाशेवाच्या बाजूला नजर टाका. त्या उंच याऱ्या जवाहरलाल नेहरू बंदराच्या. हे बंदर 1989 मध्ये सुरू झाले. विदर्भातून कंटेनरमध्ये निघालेला माल येथे जहाजावर चढतो.

वेळ उरल्यास कुलाब्याची ससून गोदी बाहेरून पाहा. 1875 ची ही गोदी आज मासळीने गजबजते. मासळीचा बाजार पाहायचा तर पहाटेच जावे लागते.

रात्रीच्या गाडीने परत निघा. सोबत मुलगा-मुलगी असेल, तर गाडीत एकच हिशेब करायला सांगा : आपल्या घरचा कापूस जिनिंगपासून जहाजापर्यंत किती हातांतून जातो आणि प्रत्येक हाताला काय मिळते? सहलीचा खर्च तेवढ्यानेच वसूल होईल.