तोंड सारखे हलते, तो वेडाचा झटका नव्हे

मानसिक आजाराची औषधे काही वर्षे घेतलेला माणूस कधी कधी रिकाम्या तोंडाने चघळल्यासारखे करू लागतो. जीभ आतबाहेर होते, ओठांचा चंबू होतो, बोटे चाळवत राहतात. घरच्यांना वाटते, आजार पुन्हा उलटला. शेजारीपाजारी बाहेरची बाधा सुचवतात. खरे तर हा बहुधा औषधाचा उशिरा दिसणारा दुष्परिणाम असतो. त्याचे नाव 'टार्डिव्ह डिस्कायनेशिया'. रुग्ण मुद्दाम करत नाही, म्हणून त्याला रागावू नये.

१९५२ साली फ्रान्समध्ये मनोरुग्णांना क्लोरप्रोमाझिन देणे सुरू झाले. या जातीची औषधे मेंदूतील डोपामाइनचे काम रोखतात. त्यामुळे भास व संशय आटोक्यात येतात. पण हालचालींचे नियंत्रणही डोपामाइनवर अवलंबून असल्याने ताठरपणा, कंप असे त्रास होतात. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी ते अधिक होतात, नव्यांनी कमी. ताठरपणावर ट्रायहेक्सीफेनिडिलची गोळी देतात, मात्र तीच गोळी तोंडाच्या हालचाली वाढवू शकते. दुकानातून परस्पर आणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मग जीवनसत्त्वांचे काय? 'ई' जीवनसत्त्वाने असलेला त्रास जात नाही. फार तर वाढायचा थांबत असावा. 'ब-६' चे प्रयोग इस्राएलमध्ये झाले, थोड्या रुग्णांना गुणही आला, परंतु मात्रा फार मोठ्या होत्या. तेवढे 'ब-६' मनाने घेत राहिल्यास नसांना इजा होऊन पाय बधिर होतात.

'ब-१२' ची गोष्ट वेगळी. ते दूध, अंडी, मांसमासळीतून मिळते. रुग्ण शाकाहारी, त्यात जेवणाकडे दुर्लक्ष, शिवाय वजन वा साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर कमतरतेची शक्यता बरीच वाढते. तिच्याने पायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसराळूपणा वाढतो, क्वचित भासही होतात. रक्ततपासणीत ती कळते व उपचारही सोपा आहे.

गोळ्या एकदम बंद करणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास हालचाली उलट वाढू शकतात आणि मूळ आजारही डोके वर काढतो. औषध बदलायचे की मात्रा घटवायची, हे मनोविकारतज्ज्ञ ठरवतील. टेट्राबेनाझिनसारखी औषधेही आहेत. दर भेटीत जीभ व बोटे तपासून घ्या. आणि औषध सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांतच मान वाकडी झाली, डोळे वर चढले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा; तिथे इंजेक्शनने थोड्याच वेळात आराम पडतो.